चार तेरा, चार सहा

मंगळवार, १६ जानेवारी १९९० रोजी सकाळी अकरा वाजता भिवंडीतील एका ट्रस्टच्या रुग्णालयात, वृद्धांच्या मनोरुग्ण कक्षात, हिराबाई नावाच्या एका शेतकरी बाईंना दाखल करण्यात आले. त्या अंजूरच्या पुढे, खाडीकाठच्या एका गावातल्या. सोबत मुलगा दत्तू आणि सून सुगंधा होती. दाखल करण्याचे कारण मुलाच्या शब्दांत असे नोंदले गेले: "कवाबी घरातनं उठून जाते. बोलत न्हाय. जेवत न्हाय. दोन वर्सं झाली." चौदा दिवसांनी, मंगळवार ३० जानेवारीला, त्यांना सरकारी मनोरुग्णालयात कायमचे हलवायचे की नाही हे ठरणार होते.

केसपेपरवर ही नोंद मी केली. माझ्या पदाचे नाव समाजसेवक असे होते. काम मात्र आलेल्या माणसाची हकिकत लिहून घेण्याचे. त्याआधी काही वर्षे मी ठाण्याच्या एका दैनिकाला भिवंडीच्या बातम्या पाठवत असे. ते दैनिक बंद पडल्यावर १९८५ मध्ये या कक्षात लागलो आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिलो.

कक्ष दहा खाटांचा. पूर्वी तिथे सुताच्या गाठी ठेवत. खिडक्या उंच आणि लहान, आणि गल्लीपलीकडे यंत्रमागांचे कारखाने. आठवड्याचे सहा दिवस खटखट चाले. शुक्रवारी माग बंद असत. बाहेरच्यांना वाटे, शुक्रवारी रुग्णांना शांत झोप लागत असेल. सिस्टरांच्या रजिस्टरात उलटे दिसे. शुक्रवारी दुपारी निम्मे रुग्ण जागे असत आणि काही जण खाली उतरून काय बंद पडले ते पाहू लागत.

साठीच्या पुढचा माणूस 'वेड्यासारखा' वागू लागला की बाहेरून तीन आजार सारखेच दिसतात. एक दोन दिवसांत येतो. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातले पाणी किंवा मीठ कमी होणे, यांतून माणूस भ्रमिष्ट होतो आणि मूळ दुखणे बरे झाले की तोही ताळ्यावर येतो. दुसरा दोन-तीन महिन्यांत येतो. ते खोल नैराश्य. माणूस बोलत नाही, खात नाही, विचारले तर 'ठाऊक नाही' म्हणतो आणि सगळे विसरला आहे असे वाटते. त्यालाही औषध आहे. तिसरा दोन-चार वर्षांत हळूहळू येतो. तो स्मृतिभ्रंश. त्याला त्या काळी औषध नव्हते. म्हणून पहिला प्रश्न 'काय होतंय' हा नसे, 'कधीपासून' हा असे. आणि या प्रश्नाचे पहिले उत्तर जवळजवळ नेहमी चुकीचे निघे.

एकदा जवळच्या शेलार गावचा, मागावर काम केलेला एक म्हातारा कारीगर आणला होता. तो खाटेवर बसून हवेतला तुटलेला धागा सांधत होता. मुलगा म्हणाला, "साहब, अब्बा चार साल से ऐसे ही हैं." चार वर्षांपूर्वी काय झाले होते, असे विचारले. तेव्हा त्याने काम सोडले होते. मग परवा सकाळी त्याने काय खाल्ले? मुलगा म्हणाला, परवा तर तो स्वतः नाक्यावर जाऊन पाव घेऊन आला, पैसेही बरोबर परत आणले. म्हणजे चार वर्षे नव्हेत, दीड दिवस. लघवी तपासली, संसर्ग निघाला. सहाव्या दिवशी तो चालत घरी गेला आणि जाताना त्याने विचारले की आपल्याला इथे कोणी आणि का आणले.

हिराबाईंच्या बाबतीत दत्तूने 'दोन वर्सं' सांगितले होते. मी ते तसेच लिहिले आणि त्या दिवशी पुढे विचारले नाही. दत्तू राहनाळच्या एका गोदामात मुकादम होता. त्याला दुपारच्या शिफ्टला पोहोचायचे होते.

"साहेब, खाडी हाय," तो म्हणाला. "घरापासनं बांध दोनशे पावलं. कवा सकाली जाते, कवा भर दुपारी. टायमाचं काय ठिकान न्हाय. एक दिवस पानी आत घेल तिला. मी ड्युटी करू का आयला धरून बसू?"

त्याची भीती खरी होती. हेही इथे लिहिले पाहिजे. आईला टाकून द्यायला आलेला मुलगा कसा बोलतो ते पाच वर्षांत पुष्कळ ऐकले होते. हा तसा नव्हता. त्याने आईच्या पिशवीत दोन लुगडी, मिसरीची डबी आणि तिची नेहमीची चटई आणली होती.

सरकारी मनोरुग्णालयात पाठवायला न्यायदंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागे आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र. आमच्याकडून तिथे गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी परत घरी आलेला माणूस माझ्या माहितीत नव्हता.

आमचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येत. अमरावतीकडचे, तरुण, कामाला चोख. शुक्रवारी १९ तारखेला त्यांनी हिराबाईंची परीक्षा घेतली. तीस गुणांचा कागद असे. आज वार कोणता, तारीख कोणती, आपण कुठे आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा, असे प्रश्न. तासभराचे काम पंधरा मिनिटांत व्हावे म्हणून तो कागद निघाला होता. डॉक्टर विचारत, रुग्ण उत्तर देई, मी लिहीत असे. माझी बातमीदारीतली एक जुनी सवय होती. माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचे, त्याला अर्थ असो वा नसो.

"आजी, आज कोणता वार आहे?"

हिराबाईंनी खिडकीकडे पाहिले. "लूम बंद हाय."

"ते असू द्या. वार कोणता?"

"लूम बंद हाय म्हंते ना."

डॉक्टरांनी शून्य दिले.

"बरं, आज तारीख काय? आज काय आहे?"

"भांग."

"काय?"

"भांग."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मुलाला विचारून घ्या. घरात कोणी नशापाणी करतं का." आणि शून्य दिले.

"आता शंभरातून सात काढले, किती उरले? त्यातून पुन्हा सात काढा. असं पाच वेळा."

हिराबाईंनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. मग पुटपुटल्यासारख्या म्हणाल्या, "चार तेरा." थोडे थांबून, "चार सहा." पुन्हा थांबून, "तीन एकोनीस." मग भराभर, "तीन बारा. तीन पाच." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

पाचही उत्तरे चूक धरली गेली. एकूण गुण नऊ. डॉक्टरांनी शेऱ्यात लिहिले: "असंबद्ध आकडे. काळाचे भान नाही. स्मृतिभ्रंश, बराच पुढे गेलेला."

भांगेबद्दल दत्तूला विचारणे माझ्याकडे होते. तो संध्याकाळी आला तेव्हा विचारले. तो आधी हसला आणि मग चिडला. "माजी आय? ती मिसरी लावते, साहेब. भांग? होलीला आमी पोरं बी लपून पितो तिच्या भ्यानं."

सोमवारी, २२ तारखेला, प्रमाणपत्रासाठी त्या कागदाची स्वच्छ प्रत करायची होती. मी मूळ कागद समोर ठेवून, चूक होऊ नये म्हणून मोठ्याने वाचत लिहीत होतो. शेजारच्या खाटेवर आया जुलेखाबी चादर बदलत होती. जुलेखाबी भिवंडीच्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली. तिच्या वडिलांचे होडके होते. त्यातून गवत आणि मासळी यायची. कक्षात तिने सगळ्यांना टोपणनावे दिलेली होती. मला ती 'पेपरवाले' म्हणे.

"चार तेरा, चार सहा, तीन एकोणीस," मी वाचले.

जुलेखाबी म्हणाली, "मासळी कोण मोजतंय, पेपरवाले?"

मी विचारले, मासळी कशी?

"अहो, मासळी अशीच मोजतात ना. विसाविसानं. चार विसा न् वर तेरा. टोपलीपुढं बसलं की 'वीस' 'वीस' कोण बोलत बसतंय? चार तेरा बोलायचं, संपलं. सालं इतकी शाळा शिकून तुम्हाला नाही ठाऊक?"

चार विसा म्हणजे ऐंशी, वर तेरा, त्र्याण्णव. शंभरातून सात गेले, त्र्याण्णव. चार सहा म्हणजे शहाऐंशी. तीन एकोणीस, एकोणऐंशी. तीन बारा, बहात्तर. तीन पाच, पासष्ट. पाचपैकी पाच बरोबर. त्या दिवशी मी स्वतः हीच वजाबाकी कागदाशिवाय करून पाहिली. चौथ्या वेळी चुकलो.

मी तिला विचारले, "आणि भांग?"

जुलेखाबी इतकी हसली की पलीकडच्या खाटेवरचे एक रुग्ण, निवृत्त गुरुजी, उठून बसले. "या अल्ला, भांग! डाक्टरसाब काय समजले? अहो, अष्टमीची भांग. पाणी कमी चढतं ते. अमावशा-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग. तुमच्या पोरांच्या भूगोलात पण असतं."

खरोखरच असते. भांगाची भरती. मी स्वतः शाळेत त्यावर दोन गुणांची टीप लिहिलेली होती. पंचांग काढून पाहिले. शुक्रवारी, १९ तारखेला, पौष वद्य अष्टमी होती.

मंगळवारी डॉक्टर आले तेव्हा मूळ कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि जुलेखाबीला बोलावले. त्यांनी दोनदा आकडे करून पाहिले. टेबलावर पेन्सिल आपटली. "म्हणजे बाई बरोबर होती अन् आपण नापास झालो, बाप्पा." मग त्यांनी हिराबाईंची परीक्षा पुन्हा घेतली, जुलेखाबीला मध्ये बसवून. या वेळी एकोणीस गुण मिळाले. उरलेल्यांपैकी काही लिहिण्या-वाचण्याचे होते, ते हिराबाईंना मिळणे शक्य नव्हते. पण तीन शब्द पाच मिनिटांनी सांगायचे होते, त्यातला एकच सांगितला. बाकीच्या दोन शब्दांना 'जाव दे' म्हणाल्या.

"एकोणीस म्हणजे निरोगी नाही," डॉक्टर म्हणाले. "हिशोब येतो, तिथीचं भान आहे. मग घरातून का निघून जातात? कुठं जातात? हे कळल्याशिवाय मी काही लिहीत नाही. तारीख तीसच राहील."

म्हणजे हाती एक आठवडा होता.

दत्तूला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो खूश झाला नाही. त्याने विचारलेला प्रश्न रास्त होता. "साहेब, वजाबाकी येते म्हनून ती पान्यात पडनार न्हाय का?"

पुढचा धागा सिस्टरांच्या रजिस्टरात मिळाला. या रजिस्टरात रुग्णाने काही वेगळे केले की वेळ घालून एक ओळ लिहीत. हिराबाईंच्या नावापुढे रोज तीच ओळ होती: 'उठून दाराशी गेली, परत आणले.' वेळा मात्र वेगळ्या. शनिवारी सकाळी पावणेसात. रविवारी साडेसात. सोमवारी सव्वाआठ. मंगळवारी नऊ. बुधवारी पावणेदहा. रोज पाऊण तास पुढे. संध्याकाळच्या नोंदींचेही तेच.

दत्तू म्हणत होता ते 'टायमाचं काय ठिकान न्हाय' हे घड्याळाच्या हिशेबाने खरे होते. जुलेखाबीला या वेळा वाचून दाखवल्या. तिने चादरीची घडी अर्धी सोडली. "तिथीची पाऊणपट करा," ती म्हणाली. "अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. नवमीला पावणेसात. अब्बा आमचे असंच काढायचे. भरती हाय ती, पेपरवाले. बाय भरतीला उठते."

ज्या खोलीतून खाडी दिसत नव्हती आणि जिथे घड्याळ दाराबाहेर टांगलेले होते, तिथे बसून हिराबाई रोज दोनदा भरतीच्या वेळेला उठत होत्या. हे कसे जमे, ते डॉक्टरांनाही सांगता आले नाही. मी नंतर दोन-तीन दर्यावर्दी माणसांना विचारले. त्यांना या प्रश्नात विचारण्यासारखे काही दिसले नाही.

रविवारी, २८ तारखेला, मी त्या गावी गेलो. अंजूरपर्यंत रिक्षा मिळाली, पुढे चालत. दत्तू ड्युटीवर होता. सुगंधाने बांध दाखवला. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध असतो आणि त्यात एक दार ठेवतात. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला फळ्या काढायच्या म्हणजे शेतातले पाणी बाहेर जाते, भरती येण्याआधी फळ्या टाकायच्या म्हणजे खाडी आत येत नाही. दिवसाला दोन भरत्या, वर्षाचे बारा महिने. हे काम हिराबाईंच्या घराकडे होते. नवरा वारल्यावर त्या एकट्या ते करत. मोबदला म्हणून उघाडीच्या तोंडाशी लागणारी मासळी त्यांची.

"कुठे आहे उघाडी?" मी विचारले.

सुगंधाने मातीच्या एका सपाट ढिगाकडे बोट केले. त्यावर पत्र्याच्या गोदामाचे खांब उभे राहत होते. "या भरावाखाली."

"कधी घातला भराव?"

"दिवाली झाली न् लगेच. भाऊबीजेला मी माहेरी गेलते, आले त उघारी न्हवती."

"आणि आई जेवेनाशा कधी झाल्या?"

ती विचार करू लागली. तिने आठवायची रीत आपली आपण शोधली. भात लावले तेव्हा आई चिखलात होती, सगळ्यांना ओरडत होती. नवरात्रात उपास होते, पण नंतर जेवत होती. दिवाळीत चकल्यांना मीठ कमी पडले म्हणून सुनेला बोलली होती. "त्याच्यानंतरच," ती म्हणाली. "भराव पडला तवापासनं."

"दत्तू दोन वर्षं म्हणतो."

"दोन वर्सांमागं ते गोदामात लागले. तवापासनं ते दिवसाचे घरी कुठं हायेत? त्यांना काय दिसनार?" मग तिने पटकन पदर सावरला. "असं मी बोलले म्हनून त्यांना सांगू नका." नाही सांगणार, असे मी म्हणालो.

दोन वर्षे नव्हेत, तीन महिने. मी तारीख, वार आणि सुगंधाचे शब्द लिहून घेतले आणि परतलो.

मंगळवारी, ३० तारखेला, डॉक्टरांनी ते सगळे वाचले. प्रमाणपत्राचा कोरा कागद टेबलावर होता. त्यांनी दत्तू आणि सुगंधाला बाहेर बसायला सांगितले, हिराबाईंना आणि जुलेखाबीला आत घेतले. मी लिहायला होतो. पुढचे बोलणे मी त्या वेळी लिहिलेल्या कागदावरून उतरवले आहे.

"आजी, उघाडीवर जाता का तुम्ही?"

"हव."

"तिथं उघाडी आहे का आता?"

हिराबाईंनी जुलेखाबीकडे पाहिले, जणू प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची शंका यावी. "न्हाय. पुरली ती. माज्या म्होरंच पुरली. मना ठाव न्हाय का?"

चौदा दिवसांत हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

"मग जाता कशाला?"

"येल झाली का पाय उठतान. पानी येतं त्याला कोन सांगनार, थांब म्हनून? बघून येते."

"जेवण का सोडलंत?"

"भूक न्हाय."

यानंतरचा प्रश्न या धंद्यात विचारावाच लागतो. नातेवाईकांना तो आवडत नाही. विचारल्याने माणसाच्या डोक्यात ते शिरेल असे त्यांना वाटते. अनुभव असा की ते आधीच शिरलेले असते आणि कोणी विचारले तर माणसाला हलके वाटते. डॉक्टरांनी जुलेखाबीला खूण केली. तिने हिराबाईंचा हात धरला.

"बाय, मरावंसं वाटतं का गं?"

"वाटतं," हिराबाई म्हणाल्या. "रोजच वाटतं. पन मंग येल होते."

जुलेखाबीने ते वाक्य डॉक्टरांना समजावून सांगायला तोंड उघडले. डॉक्टरांनी हातानेच थांबवले. त्यांना कळले होते.

प्रमाणपत्र लिहिले गेले नाही. निदान बदलून 'नैराश्य, तीन महिने' असे झाले. गोळ्या सुरू केल्या. या गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागत, आणि त्याआधी तोंड कोरडे पडणे आणि उठताना चक्कर येणे हे त्रास येत. म्हातारे माणूस अशा चकरेने पडले की खुब्याचे हाड मोडते. म्हणून रोज दोनदा रक्तदाब बघायचा आणि एकटे उठू द्यायचे नाही. सूचनांच्या रकान्यात डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली: 'भरतीच्या वेळी दाराशी गेल्यास अडवू नये. सोबत जावे.'

सिस्टरांना ही सूचना पटली नाही. "उद्या दहाही जण दाराशी जातील," त्या म्हणाल्या. प्रत्यक्षात दोघेच जाऊ लागले, हिराबाई आणि गुरुजी. गुरुजींना कुठे जायचे ते ठाऊक नव्हते, पण कोणी निघाले की निघावे असे त्यांना वाटे. जुलेखाबी दोघांना फाटकापर्यंत नेऊन आणी. वेळेसाठी तिने पंचांगाची मागणी केली. ट्रस्टने तिला हिंदू पंचांग कशाला हवे म्हणून आधी लेखी कारण मागितले आणि मग दिले.

पहिले तीन आठवडे काही बदलले नाही. दत्तू दर रविवारी येई, खाटेजवळ बसे आणि जाई. एकदा त्याने जिन्यात मला गाठले. "साहेब, खरं सांगा. ती बरी होनार न्हाय त आत्ताच सांगा. मी लोकांना काय सांगू, कुठं हाय आय?" त्याला खात्री देता येईल असे काही माझ्याजवळ नव्हते, तसे मी सांगितले. त्याच वेळी मी त्याला 'दोन वर्षे' या शब्दांबद्दल विचारणार होतो, पण विचारले नाही. सुगंधाला दिलेला शब्द होता.

फेब्रुवारीच्या अखेरीस रजिस्टरात एक नवी ओळ आली: 'डाळ अळणी आहे म्हणून ताट परत केले.' सिस्टरांनी ती तक्रार म्हणून लिहिली होती. डॉक्टरांनी ती लाल शाईने अधोरेखित केली. त्यानंतर चार दिवसांनी हिराबाईंनी अख्खी भाकरी खाल्ली आणि जुलेखाबीला विचारले की तिला भाकरी थापता येते की नुसतीच बडबड येते. जुलेखाबी म्हणाली, "बघा, आता शिव्या द्यायला लागली. सोडा हिला घरी."

शुक्रवार, ९ मार्चला, होळीच्या दोन दिवस आधी, त्यांना घरी सोडले. त्या वेळी चोवीस गुण होते. दत्तूला डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. गोळ्या वर्षभर बंद करायच्या नाहीत आणि बांधावर जायचे असेल तर सोबत कोणीतरी जायचे. दत्तू म्हणाला, "मी ड्युटीवर आसनार." सुगंधा म्हणाली, "मी जाईन ना." दत्तूने तिच्याकडे पाहिले आणि आईची चटई उचलली.

त्या उन्हाळ्यात मी जुन्या कागदांची पेटी काढली. १९८५ पासूनचे परीक्षेचे कागद तिच्यात होते. खाडीकाठच्या गावांतून आलेले सात रुग्ण सापडले. सातही जणांना वजाबाकीच्या प्रश्नात शून्य होते. त्यांतले तिघे सरकारी मनोरुग्णालयात गेले होते. ते काय बोलले होते हे पाहायचे होते. पण एकाही कागदावर उत्तर लिहिलेले नव्हते. फक्त शून्य होते. माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहायची सवय बातमीदारीतली, असे मी वर म्हटले आहे. इथे लागल्यावर पहिली दोन वर्षे मी ती सोडून दिली होती, कारण रुग्णांचे बोलणे लिहून ठेवण्यासारखे नसते अशी माझी समजूत होती. सातांपैकी चार कागदांवर अक्षर माझे आहे.

डॉक्टरांच्या सहीने त्या तिघांची चौकशी करणारे पत्र पाठवले. उत्तर आले नाही. पुन्हा पाठवले. दुसऱ्या पत्राला एका ओळीचे उत्तर आले: तिघांपैकी दोघे हयात नाहीत, तिसऱ्या नावाचा रुग्ण आढळत नाही.

त्यानंतर आमच्याकडे नियम झाला की उत्तर चूक असले तरी पूर्ण लिहायचे, आणि परीक्षेच्या वेळी रुग्णाची बोली जाणणारे कोणीतरी बसवायचे. बहुतेक वेळा जुलेखाबीच बसे. तिने याचा वेगळा भत्ता मागितला नाही. मात्र खुर्ची मागितली, आणि ती मिळाली.

हिराबाई पहिले वर्षभर दर महिन्याला तपासणीला आल्या. गोळ्या १९९१ च्या मे महिन्यात बंद झाल्या. पुढे त्या सहा महिन्यांतून एकदा येत. गावात तोवर आणखी दोन गोदामे झाली होती आणि बांधाचा तो भाग उरला नव्हता, असे सुगंधाने एका भेटीत सांगितले.

१९९३ च्या सप्टेंबरमध्ये, गौरी-गणपती गेल्यानंतरच्या मंगळवारी, हिराबाई ठरलेल्या तारखेच्या आधीच आल्या. सोबत सुगंधा होती. मी हिराबाईंचा केसपेपर काढू लागलो, तर त्या म्हणाल्या, "माजा नको. हिचा काढ."

सुगंधा मान खाली घालून बसली होती. तिचे वय चौतीस. आमचा कक्ष साठीच्या पुढच्यांचा असल्याने तिचा पेपर खालच्या स्त्री-विभागासाठी काढावा लागणार होता. तिला विचारले, काय होते.

"झोपत न्हाय," हिराबाई म्हणाल्या. "जेवते, मना दाखवाया. रडत न्हाय, तेच वंगाल हाय. पयल्या श्रावन सोमवारपासनं. त्याच्या आदल्या दिवशी धड होती, भाजीवालीशी भांडली. दत्त्याला इचारशील त त्यो दोन वर्सं सांगल. त्याचं लिहू नको."

मी तसेच लिहिले. सुगंधाला त्याच दिवशी खाट मिळाली. स्त्री-विभागाच्या रजिस्टरात 'सोबत राहणारी व्यक्ती' या रकान्यात पुढचे अकरा दिवस हिराबाईंचे नाव आहे.